लादीवर लादी

दादर हिंदू कॉलनी. १९३०च्या दशकातली इमारत, दुसरा मजला, कार्पेट ९०० चौरस फूट, अकरा फुटी छत. रुईया नाका, पाच बागा, दादर स्टेशन सगळे पायी. ‘संपूर्ण नूतनीकरण केलेले, राहायला तयार.’ थोड्याफार फरकाने अशीच जाहिरात शिवाजी पार्क, माटुंगा, ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या घरांचीही निघते, आणि त्या ‘संपूर्ण नूतनीकरणा’मागे आपल्यापैकीच कोणाचा तरी हात असतो. फोटोंत संगमरवर चकाकतो, छताच्या कडेने दिव्यांची पट्टी फिरते. दिसत नाहीत त्या गोष्टी म्हणजे पीओपीच्या वरचा स्लॅब, मागच्या बाजूचे गळके बिडाचे पाइप आणि जिन्याच्या भिंतीत मूळ धरून बसलेला पिंपळ.

सदनिका नवी झाली, इमारत होती तशीच राहिली. आपल्या धंद्याचे आजचे दुखणे हे आहे, आणि मालकाकडे किंवा ब्रोकरकडे बोट दाखवून त्यातून सुटका नाही.

ही घरे मुळात फार विचाराने बांधलेली. १८९६च्या प्लेगने शहराचे डोळे उघडले, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याची आखणी हवा-उजेडाच्या हिशेबाने झाली. रस्ते रुंद, दोन इमारतींत मोकळी जागा, मजले बेताचे. पुढे आरसीसी रुळले आणि गजानन म्हात्रे यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवरचे लांबच लांब छज्जे आणि उजेडाने भरलेले जिने असलेली घरे मध्यमवर्गालाही देऊ केली. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती २०१८ साली जागतिक वारशात गेल्या. दादर-माटुंग्याच्या वाट्याला तो मान नाही, पण तिथली घरे त्याच काळातली.

मुंबईत ‘युद्धापूर्वीचे घर’ ओळखायला कायद्यानेच एक तारीख देऊन ठेवली आहे. १ सप्टेंबर १९४०. युद्ध पेटून बरोबर एक वर्ष झाले होते. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे त्या दिवसाच्या भाड्याशी बांधले, आणि उपकरप्राप्त इमारतींच्या वर्गवारीत ‘अ’ वर्गाची सीमाही तीच ठरली. भाडे गोठले तशी डागडुजीही गोठली. आता त्याच इमारतींवर पुनर्विकासाची आशा टांगलेली असते. पाच-दहा वर्षांत पाडायचीच आहे, तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला वर्गणी कशाला, असे सगळेच म्हणतात. मात्र आपापल्या दाराच्या आत चाळीस-पन्नास लाख ओतायला कोणी मागेपुढे पाहत नाही. आपल्याकडे काम येते ते या विसंगतीतून.

आता लादीकडे येऊ. जुनी मोझेक लादी उखडायची म्हणजे राबिट, आवाज, खालच्यांची भांडणे. म्हणून कंत्राटदार सुचवतो, लादीवरच लादी बसवू. वीस मिलिमीटर ग्रॅनाइट आणि त्याखाली चाळीस मिलिमीटर मसाला धरला तर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १४० किलो वजन वाढते. राहत्या खोलीसाठी आपल्या भारतीय मानकात माणसे, फर्निचर, सामान यांचा मिळून जो चल भार धरतात तो साधारण २०० किलो. म्हणजे त्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त वाटा आपण कायमचा खर्चून टाकला, घरात एक कपाटही आले नसताना. नऊशे फुटांच्या घरात हा आकडा साडेअकरा टनांच्या पुढे जातो. त्यात न्हाणीघर हलवलेले असेल तर आणखी भर. जुन्या इमारतीत संक स्लॅब नसतोच, त्यामुळे न्हाणी ट्रॅप बसवायला सहा इंच कोबा भरून जमीन उचलतात, आणि हे सगळे बहुतेकदा खालच्या घराच्या स्वयंपाकघरावर येते. हा हिशेब कागदाच्या मागच्या बाजूला पाच मिनिटांत होतो. तो न करता काम घेणाऱ्याने स्वतःला डिझायनर जरूर म्हणवून घ्यावे, पण त्या स्लॅबशी त्याची ओळख नाही एवढे खरे.

खरे तर त्या मोझेकला घासकाम पुरते. खडबडीत दगडापासून बारीक दगडापर्यंत मशीन फिरवून शेवटी ऑक्झॅलिकचे पॉलिश दिले की जुना रंग वर येतो. फुटक्या लाद्यांना जोड मिळत नाही ही तक्रार नेहमीची. ओट्याखालून किंवा भिंतीतल्या कपाटाच्या तळातून त्याच साच्याच्या चार-सहा लाद्या काढाव्यात, दर्शनी जागी बसवाव्यात आणि तिथे साधी लादी घालावी. चांगले मिस्त्री हे सांगावे न लागता करतात.

छताचा प्रश्न लादीहून गंभीर आहे. त्या काळचे काँक्रीट हाताने कालवलेले, एकास दोन-चारचे, व्हायब्रेटरशिवाय ठोकून बसवलेले. सळई गोल आणि गुळगुळीत, टोकाला आकडा. तिच्यावरचे आवरण पुष्कळदा अर्धा इंचसुद्धा भरत नाही. साइटवर कधी करून पाहावे अशी एक साधी गोष्ट आहे. स्लॅबच्या तळाचा सैल पोपडा काढायचा, ताज्या फोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थेलीनचे थेंब टाकायचे. काँक्रीट धडधाकट असेल तिथे झटकन गडद गुलाबी रंग चढतो. कार्बोनेशन झालेल्या भागात पाणी टाकल्यासारखे काहीच होत नाही. नव्वद वर्षांच्या स्लॅबमध्ये ती रंगहीन पट्टी सळईच्या पार मागे गेलेली सापडते, याचा अर्थ सळईचे संरक्षण संपले आहे आणि गंजायला फक्त ओल हवी. ती मुंबईत आयती मिळते. सळईभोवतीचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आवरण खालून सुटते.

यावर आपला नेहमीचा इलाज म्हणजे सुटलेला भाग काढून पॉलिमर मसाल्याचे ठिगळ लावणे आणि त्याखाली फॉल्स सीलिंग. ठिगळातली सळई सुरक्षित होते, पण तिच्या शेजारचा जुन्या काँक्रीटमधला भाग आधीपेक्षा वेगाने गंजू लागतो, हे रिपेअरचे काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. आधी हे छत राहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होते. पोपडा पडला की तो ओरडायचा. आता तो जिप्समवर पडतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. शिवाय अकरा फुटांचे छत नऊवर येते, दारांवरची झरोक्यांची जाळी बुजते, सागवानी झडपांच्या जागी अर्धीच उघडणारी सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी येते आणि मग चार एसी लागतात. त्यांची बाहेरची धुडे कुठे ठेवतात, तर त्याच छज्ज्यावर, जो केवळ पाऊस अडवण्यासाठी काढलेला होता. (काढलेले सागवान तीन महिन्यांनी ‘व्हिंटेज’ टेबल होऊन दुसऱ्या कुठल्या तरी ग्राहकाकडे आपल्याच बिलातून जाते, तो भाग वेगळा.)

तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमाखाली बंधनकारक आहे. पण तो दाखला इमारतीचा. विकल्या जाणाऱ्या घराच्या आत काय झाले, कुठली भिंत काढली, कुठे खाच मारली, याचा कागद कोणाकडे नसतो. घेणारा दीड कोटी, चार कोटी मोजतो आणि त्याच्या हातात पडते ती मॉड्युलर किचनची वॉरंटी.

म्हणून आमचे म्हणणे असे, की १९४०पूर्वीच्या इमारतीत काम घेणाऱ्याने कामाबरोबर एक फाइल तयार करावी. छत झाकण्याआधीचे प्रत्येक खोलीचे फोटो, चाचण्यांचे निकाल, वाढवलेल्या वजनाचा हिशेब, नळ आणि वायरिंग कुठून गेले त्याचा आराखडा, बदललेल्या भिंतींवर संरचना अभियंत्याची सही. एक प्रत मालकाला, एक सोसायटीला किंवा घरमालकाला. घर विकले गेले की फाइल घराबरोबर जावी. ग्राहक बिचकेल, ब्रोकर म्हणेल सौदा मोडेल. काही सौदे मोडतीलही, आणि ते मोडलेले बरे. उलट ज्या घराचे छत खरोखर नीट केले आहे, त्याला आज त्या कामाचा एक रुपया जास्त मिळत नाही, कारण झाकल्यानंतर चांगले आणि वाईट छत सारखेच दिसते. प्रामाणिक काम करणाऱ्याचे नुकसान तिथे होते.

फॉल्स सीलिंग टाळता येत नसेल तर निदान वरच्या मजल्याच्या न्हाणीघराखाली आणि बाहेरच्या बीमलगत दीड फूट चौकोनी झाकण ठेवावे. बिजागरीचे, किल्लीने उघडणारे, चौकटीसकट छताच्याच रंगात रंगवलेले. त्याला ग्राहक सहसा हरकत घेत नाही. पावसाळा संपला की टॉर्च घेऊन आत डोकावायचे आणि त्या दिवशीचा फोटो तारखेसह फाइलला लावायचा.