तडा गेलेली तबकडी

पावसानें जोर धरला कीं भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी ओसंडूं लागतें आणि रविवारीं लोणावळ्याहून येणाऱ्या मंडळींची तेथें जत्रा भरते. आमच्या भुशीच्या घरांत मात्र यंदाच्या श्रावणांत निराळीच गडबड होती. घर आवरावयाचें ठरल्यामुळें माळ्यावरील सामान खालीं आलें. त्यांत आजोबांचा फोनो आणि तबकड्यांची पेटीही निघाली. “हीं सारीं गाणीं मोबाइलवर मिळतात, मग हें ओझें कशाला?” असें भाच्यानें विचारलें. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, व्यवहाराचा होता. म्हणूनच त्याचें उत्तर देणें आम्हांस अवश्य वाटलें.

ही तबकडी म्हणजे लाखेंत खनिजांची भुकटी व काजळ मिसळून दाबलेली एक काळी चकती. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. मैफलींत तासभर रंगणाऱ्या रागास एवढ्याच अवधींत आपलें रूप दाखवावें लागे. भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले, अल्लादियाखांसाहेब १९४६ सालीं. दोघांच्याही गळ्याचा स्वर तबकडीवर राहिला नाहीं. १९११ सालीं पुण्यास भारत गायन समाज स्थापन करणाऱ्या बुवांचें गाणें कसें होतें, हें आपणांस ऐकीव वर्णनांवरूनच कल्पावें लागतें. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकांतील पदांस त्यांनीं चाली दिल्या, आणि त्यांतील कांहीं पदें त्यांचे शिष्य बालगंधर्व यांनीं तबकड्यांवर गाइलीं. गुरूची छाया तेवढी त्यांत सांपडते.

अब्दुल करीमखांसाहेबांनीं मात्र या तीन मिनिटांतही आपलें गाणें ठेविलें. १९३७ सालीं मद्रासजवळील सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनावर त्यांचें देहावसान झालें. पण ‘जमुना के तीर’ ही त्यांची भैरवी आपण अद्याप त्यांच्याच आवाजांत ऐकूं शकतों.

आजोबांची सर्वांत आवडती तबकडी हीच. आत्यानें ती पेटींतून काढली, तेव्हां कांठापासून आंत गेलेला तडा दिसला. आत्या आठ वर्षांची असतांना ती तिच्याच हातून निसटली होती. आतां मार बसणार म्हणून ती दाराआड लपली. आजोबा रागावले नाहींत. त्यांनीं फोनोस चावी दिली, नवी सुई बसविली आणि तिला हांक मारून जवळ घेतलें. प्रत्येक फेऱ्यास ‘टक्’ असा आवाज येई, आणि खांसाहेबांचा स्वर त्यावरून तसाच पुढें जाई. “गाणें फुटलेलें नाहीं हो, बाळ,” एवढेंच ते म्हणाले.

परवां भाच्यानें ती तबकडी ऐकली. मोबाइलवरील प्रत अधिक स्वच्छ आहे, हें त्याचें म्हणणें खरेंच होतें. परंतु त्या स्वच्छ प्रतींत त्याचे पणजोबा कोठेंच नव्हते.

ज्यांच्या घरीं अशा पेट्या असतील त्यांनीं तबकड्या आडव्या न रचतां उभ्या ठेवाव्या. दमट हवेनें बुरशी आल्यास मऊ, कोरड्या कापडानें हलकेच पुसावी. स्पिरिट मुळींच लावूं नये, कारण त्यांत लाख विरघळते. पोलादी सुई प्रत्येक बाजूस बदलावी. आणि मुख्य म्हणजे घरांतील वडील माणसांस जवळ बसवून, कोणती तबकडी कोणाबरोबर ऐकली तें विचारावें व पाकिटावर लिहून ठेवावें. भास्करबुवांचा स्वर टिपावयाचा राहून गेला. निदान आपल्या माणसांच्या आठवणी तरी तशा राहून जाऊं नयेत.

निघतांना भाच्यानें न सांगतांच पेटी उचलून गाडींत ठेविली. तडा गेलेली तबकडी मात्र आत्यानें कोणास दिली नाहीं. ती मांडीवर घेऊनच ती घाट उतरली.