गळती आधी, गॅस नंतर

वातानुकूलन यंत्रातील गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. तो बंदिस्त नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला, म्हणजे कोठेतरी गळती आहेच. ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठच्या दमट, खारट हवेत कॉइल लवकर गंजते. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे मुद्दल तसेच ठेवून व्याज फेडत राहणे होय. आधी नायट्रोजनच्या दाबाने गळती तपासून घ्यावी. बदललेला जुना भाग व पक्के बिल मागावे. कॉम्प्रेसरच्या वॉरंटीत गॅस व मजुरी येतेच असे नाही. सप्टेंबर २०२५ पासून नव्या यंत्रावरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मोठ्या दुरुस्तीपूर्वी हाही हिशेब मांडावा.