कळशीभर निसर्ग

हल्ली मुंबईच्या काही शाळा प्राथमिक वर्गांतली मुले दोन-तीन दिवस मुक्कामाला जव्हार-मोखाड्यास नेतात. मुले दाभोशाचा धबधबा पाहतात, रात्री शेकोटीभोवती नाचतात आणि 'पाणी वाचवा' असा फलक रंगवून परततात. पालक कृतार्थ होतात! मुले रानात हिंडतात याचा आनंदच आहे. पण याला निसर्गशिक्षण म्हणावयाचे काय?

या डोंगरांत वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि उतारावरून धावत निघून जातो. कातळात फारसा मुरत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात पाड्यांवरच्या बाया विहिरीचा तळ खरवडतात. आणि गंमत पाहा, याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ २०१४ साली मध्य वैतरणा धरण पुरे झाले. त्याचे पाणी मुंबईच्या नळाला येते! मग 'पाणी वाचवा' हे कुणी कुणाला सांगावयाचे?

शेजारच्या डहाणू तालुक्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. तिथे शाळा मुलांच्या जगण्यापाशी गेली. आपली सहल मात्र पाड्याला वळसा घालून जाते.

माझे म्हणणे एवढेच : सहल श्रावणात न्या, तशी एकदा फाल्गुनातही न्या. पाड्यावरच्या एखाद्या आजीला योग्य मानधन देऊन गुरू करा आणि मुलांच्या हाती लहानशी कळशी द्या. कोवळ्या जिवांना एवढे कष्ट कशाला, म्हणता? अहो, त्यांच्याच वयाची तिथली पोर हा धडा रोज गिरवते. तिला प्रमाणपत्र कोण देतो?

अभ्यंगस्नानाचे ऊन पाणी अंगावर घेताना आपल्या मुलाला ती पोर आठवली, तरच सहल कारणी लागली म्हणावयाची.