चालत चालत : फोटोतली पुसलेली रेघ

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या मोबाइलवर ई-चलान आलं. झेब्रा क्रॉसिंगवर स्कूटर उभी केल्याचा दंड. काकूंनी फोटो मोठा करून दाखवला. नंबरप्लेट लख्ख दिसत होती, पण चाकाखाली पट्टे जेमतेम चार बोटं उरले होते. रस्त्यावर नवं डांबर पडलं आणि रेघा परत मारायच्या राहून गेल्या. फोटोच्या कडेला एक आजोबा दुभाजकाचा कठडा धरून ताटकळत होते. "दंड भरते रे," काकू म्हणाल्या, "पण थांबायचं कुठे, ते रस्त्यावर दिसू तरी दे."

चौकातला कॅमेरा मला हवाच आहे. पोलीस नसला की सिग्नल तोडणाऱ्यांना मोकळं रान मिळतं आणि जीव मुठीत धरावा लागतो तो पायी चालणाऱ्याला. कॅमेऱ्यापुढे ओळखपाळख चालत नाही.

पुण्यात २०१० साली जर्मन बेकरीत आणि २०१२ साली जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले, तेव्हा कॅमेऱ्यांची मागणी जोरात पुढे आली. घातपात रोखायला आलेली ही नजर पुढे चलानाच्या कामीही लागली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६-अ घातलं, ते रस्ता सुरक्षेसाठी. ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमांनी त्यात शिस्त आणली : कॅमेऱ्याआधी ठळक सूचनाफलक हवा, यंत्राला प्रमाणपत्र हवं, नोटीस १५ दिवसांत निघायला हवी. हे रास्तच आहे. होळीला केलेल्या चुकीबद्दल दिवाळीत कान धरला, तर कोण सुधारेल?

एकाच चौकात रोज तीच चूक शेकडो लोक करत असतील, तर आधी तो चौक तपासायला हवा. रेघ पुसली आहे का? फांदीआड सिग्नल झाकला आहे का? आजोबांना रस्ता ओलांडायला सेकंद पुरतात का? उत्तरं त्याच फोटोंत आहेत. पण फोटो वाहतूक पोलिसांकडे आणि रंगाचा डबा महापालिकेकडे. पोलिसांनी सर्वाधिक चलानांच्या दहा चौकांची यादी दर महिन्याला महापालिकेला द्यावी, लोकांसमोरही ठेवावी, आणि तिथे आधी पट्टे मारून घ्यावेत.

तुम्हाला चलान आलं, तर चूक असेल तिथे दंड जरूर भरा. पण फोटो मोठा करून रस्ताही बघा. पट्टे दिसत नसतील, तर तोच फोटो क्षेत्रीय कार्यालयात अर्जासोबत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.