मांजरीचे डोळे

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या प्रदर्शनात सातवीच्या एका मुलीने चार पानांची चित्रकथा लावली होती. एक मांजर दप्तर पाठीला लावून शाळेत निघाली आहे, वाटेत तिला कोंबडी भेटते आणि दोघींचे जोरदार भांडण होते. भांडण मराठीत, कारण तास मराठीचा होता. घरी उर्दू आणि गल्लीत दखनी बोलणाऱ्या या मुलीने फळ्यावरून न उतरवता, स्वतःच्या मनाने मराठीत बारा वाक्ये लिहिण्याची ही पहिली वेळ. "तू अंडी देतेस म्हणून काय मोठी झालीस? मी उंदीर धरते, तुला तो दिसला तर तू ओरडतेस." व्याकरणाची एक चूक नाही. मी ते वाक्य स्टाफरूममध्ये तीनदा वाचून दाखवले.

दुपारी एक पालक आले. जानदारांच्या तस्वीरा शाळेत कशा, असा त्यांचा सवाल. आवाज चढला, व्यवस्थापनातले कुणी धावत आले आणि संध्याकाळपर्यंत मधला मार्ग निघाला: चित्रे काढायची नाहीत, फक्त डोळे झाकायचे. डोके नसलेले चित्र हे सजीवाचे चित्र उरत नाही, असा फिक्हमध्ये एक जुना आधार आहे, त्याचीच ही शाळकरी आवृत्ती. काळे स्केचपेन माझ्या हातात देण्यात आले. आणि मी मांजरीचे डोळे काळे केले. कोंबडीचेही.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी जे म्हणणार आहे ते त्या पालकांच्या विरुद्ध आहे तेवढेच त्या दुपारच्या माझ्या स्वतःच्या विरुद्ध आहे.

मला बोलणाऱ्या प्राण्यांचे वेड लहानपणापासून आहे आणि चाळिशी ओलांडली तरी ते गेलेले नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानमध्ये बनलेली 'जंगल बुक' लागायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंच्या घरी आम्ही सात-आठ मुले जमिनीवर बसायचो. गुलजारांचे शीर्षकगीत सुरू झाले की काकूसुद्धा पोळ्यांचा तवा उतरवून बाहेर यायच्या. नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान मला सगळ्यांत जास्त आवडायचा. वर्गातल्या एका मुलाचे आडनाव खान होते. सोमवारी त्याला 'शेरखानाचा भाचा' म्हणून चिडवले जाई. त्याला ते आवडे की लागे, हे मी त्याला कधी विचारले नाही. आज वाटते, विचारायला हवे होते. मुंबईत जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात जन्मलेल्या किपलिंगने आपल्याच बोलीतले भालू, हाथी, अकेला उचलले आणि खलनायकाला खान म्हटले, याचा अर्थ लागायला मला मोठे व्हावे लागले. पण बगीरा त्या अंधुक पडद्यावर फांदीवरून उतरायचा तेव्हा माझा श्वास थांबायचा, हेही तितकेच खरे.

बी.एड.ला पाठ घेताना सगळ्या मुली फुलांचे, फळांचे तक्ते करायच्या. मी कावळ्याचा केला. परीक्षक म्हणाले, "कावळा जरा जास्तच बेरकी दिसतोय." मला ते बक्षिसासारखे वाटले.

आता मुद्द्याचे. तस्वीर बनवणाऱ्यांना कयामतच्या दिवशी सांगितले जाईल की जे बनवलेत त्यात आता जीव ओता, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती सहीह आहे. ती लपवून कुणाशी वाद घालण्यात मला रस नाही. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी एका चित्रकाराला सल्ला दिला की काढायचेच असेल तर झाडे काढ, हेही मला माहीत आहे. पण त्याच बुखारीत कापडावरच्या नक्षीला सूट देणारी रिवायत आहे. मालिकी फिक्हमध्ये सावली पडणारी मूर्ती आणि सपाट चित्र यांत फरक करणारे मोठे आलिम होऊन गेले. आपण इथे बहुतेक हनफी, कोकणात शाफई, आणि आपल्याकडे मत कडक आहे, कबूल. पण एका मसल्यात मतभेद आहे असे म्हणणे वेगळे आणि सातवीच्या मुलीच्या चित्रावर काळी शाई फिरवणे वेगळे.

अबू दाऊदच्या संग्रहातली ती रिवायत तर आपल्या मुलींना कुणी सांगतच नाही. हजरत आयेशा (रजि.) यांच्या कोनाड्यावरचा पडदा वाऱ्याने उडतो आणि आत त्यांच्या बाहुल्या दिसतात. बाहुल्यांच्या मधोमध चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा. प्रेषित (स.) विचारतात, हे काय? घोडा. आणि त्याच्यावर हे काय? पंख. घोड्याला पंख? तर आयेशा उलट विचारतात, सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाहीत का? यावर प्रेषित (स.) इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या. ही खेळण्यांपुरती सूट आहे, असे उलेमा म्हणतात. ठीक आहे, खेळण्यांपुरतीच समजू. मग बारा वर्षांच्या मुलीची दप्तरवाली मांजर म्हणजे दुसरे काय आहे? तिची पूजा करायला कुणी रांग लावली होती का?

आक्षेप घेणाऱ्या त्या पालकांच्या शर्टाच्या खिशात मोबाइल होता आणि त्यावर त्यांच्या धाकट्या मुलाचा फोटो. मी हे चेष्टेने सांगत नाही. हजच्या पासपोर्टवर फोटो लागतो, आधारवर लागतो, आणि तस्वीर हराम असल्याचे बयान आपण मौलानांचा चेहरा बघतच मोबाइलवर ऐकतो. गरज म्हणून आपण वाट काढली, आणि योग्यच केले. माझा प्रश्न एवढाच, की मोठ्यांच्या सोयीला गरज म्हणायचे आणि मुलांच्या भाषेला चैन, हे कुणी ठरवले?

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी का येत नाही यावर मी गेली कित्येक वर्षे बैठका ऐकत आले आहे. चिऊ-काऊची घरे, भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी आणि वाटेतला वाघ, हे मराठी मुलाला दुधाबरोबर मिळते. आमच्या मुलांना ते पाचवीत, चाचणीच्या प्रश्नासारखे भेटते. चित्र नसेल तर 'टुणुक' म्हणजे काय हे मी कसे समजावू? शब्दार्थ लिहून देऊ? चित्रातल्या वाघाचे डोळे लबाड असतात म्हणून 'लबाड' हा शब्द कळतो. डोळे काढून टाकले की वाघ राहतो आणि शब्द जातो.

आणि एक गोष्ट मला खरेच उमगत नाही. त्याच वर्गात, त्याच दिवशी, उर्दूच्या तासाला मी इक्बालची मुलांसाठीची नज्म शिकवते. कोळी माशीला गोड बोलून घरात बोलावतो. १९२४च्या 'बांगे-दरा'मध्ये सुरुवातीलाच अशा नज्मा आहेत. गाय बकरीशी बोलते, खार डोंगराशी वाद घालते. त्यावर आजवर एकाही पालकाने हरकत घेतलेली नाही. उलट स्नेहसंमेलनात त्यांची मुले त्या पाठ म्हणतात. म्हणजे कोळ्याला जीभ दिली तर चालते, डोळे दिले तर गुन्हा. निर्मात्याची नक्कल म्हणून जर चित्र वाईट असेल, तर मुक्या जीवाला अक्कल आणि वाचा देणे ही मोठी नक्कल नव्हे काय? याचे उत्तर मी एका आलिमांना विचारले. ते चांगले गृहस्थ आहेत. हसून म्हणाले, "टीचर, आप बहस बहुत करती हैं."

कुरआनच्या सहा सूरांची नावे जनावरांवरून आहेत: गाय, गुरेढोरे, मधमाशी, मुंगी, कोळी आणि हत्ती. सूरह नमलमध्ये मुंगी आपल्या लोकांना हाक देते की बिळात शिरा, सुलेमानचे लष्कर येते आहे, आणि सुलेमान (अलै.) तिचे बोलणे ऐकून हसतात. हुदहुद उशिरा येतो, पण बादशहाला ठाऊक नसलेली बातमी घेऊन येतो, आणि ती तोऱ्यात सांगतो. वर्गात उशिरा येणारा हुशार मुलगा असतो ना, हुबेहूब तसा. जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सगळे तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असे सूरह अनआम सांगते. ज्या किताबात मुंगीचे म्हणणे इतके लक्ष देऊन ऐकले आहे, ती घरात उंच फळीवर ठेवणाऱ्यांनी मांजरीच्या डोळ्यांना भ्यावे?

आता आपल्या कलेबद्दल. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे नौशेरवाँच्या काळात इराणात गेले, आणि आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फाने त्यांना अरबीत आणून कलीला आणि दिमना केले. त्याने प्रस्तावनेत ग्रंथाचे हेतू सांगितले आहेत. त्यांत जनावरांच्या तोंडी गोष्टी घातल्याने तरुण ओढले जातील हे आहे, आणि रंगीत चित्रांनी वाचणाऱ्याचे मन रमेल हेही आहे. म्हणजे चित्रे मागाहून कुणी चिकटवली असे नाही, ती लेखकाच्या मनात होती. तेराव्या शतकातली अशी सचित्र अरबी प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही आहे. अकबराने हीच गोष्ट अबुल फजलकडून सोप्या फारसीत लिहवून घेतली, 'इयारे-दानिश', १५८८. दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वानुस्सफांनी तर जनावरांना जिन्नांच्या बादशहाच्या दरबारात माणसांविरुद्ध फिर्याद करायला लावली. मौलवी इक्राम अली यांनी त्याचा उर्दू तर्जुमा १८१० मध्ये कलकत्त्यात केला. खेचर उभे राहते आणि पाठीवरच्या ओझ्याचा हिशेब मागते. हे आपले साहित्य आहे. आपल्या किती मुलांनी त्याचे नाव ऐकले आहे?

१६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीरसाठी काही अजब जनावरे आणली, त्यांत टर्की होता. जहांगीरने आत्मचरित्रात लिहिले आहे की बाबराने प्राण्यांची वर्णने केली पण चितारी लावले नाहीत. आपण लिहिलेही आणि काढवूनही घेतले, म्हणजे ऐकून वाटणारे नवल पाहून वाढेल. शिक्षकाने ही ओळ डायरीत लिहून ठेवावी. उस्ताद मन्सूरला त्याने 'नादिरुल-अस्र' हा किताब दिला. मन्सूरने १६२१ मध्ये काढलेला झेब्रा बघा, त्याच्या डोळ्यात दूरदेशी आलेल्या जीवाचा थकवा आहे. बादशहा म्हणजे शरियत नव्हे, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. म्हणून तर हदीस आधी सांगितली. पण 'हे आपल्याकडे कधी नव्हतेच' हे वाक्य मात्र खोटे आहे.

इथवर वाचून ज्या बिगर-मुस्लिम वाचकांना गुदगुल्या होत असतील त्यांनाही दोन शब्द. जनावरांची धर्मावर वाटणी तुम्हीही केली आहे. गाय तुमची, बकरा आमचा. मेरठचे इस्माईल मेरठी स्वतः शिक्षक होते, १९१७ साली वारले. उर्दू शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांची पहिली गाय त्यांच्या कवितेतली आहे. आज माझ्या वर्गातला मुलगा गाईवर निबंध लिहिताना आधी माझ्याकडे बघतो, काय लिहिले तर चालेल म्हणून. त्या मुलाचे डोळे कुणी झाकले?

या वर्षी मी आठवीला 'फ्लो' दाखवला. लॅटव्हियासारख्या छोट्या देशातल्या गिंट्स झिल्बालोडिसचा हा चित्रपट, ज्याला २०२५ मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. पूर येतो, माणसे नाहीत, एक काळी मांजर, कुत्रा, लेमूर, कॅपीबारा आणि एक उंच पक्षी एका होडीत. चित्रपटात एकही शब्द नाही, कुणी माणसासारखे बोलत नाही. म्हणूनच मी तो निवडला: शब्द मुलांनी घालायचे होते, मराठीत. दर दहा मिनिटांनी मी लॅपटॉप थांबवायची आणि विचारायची, मांजर आता काय म्हणत असेल? पहिल्यांदा शांतता. मग मागच्या बाकावरून, "टीचर, ती म्हणतेय, मला कुणाची गरज नाही." दुसरा म्हणाला, "खोटं बोलतेय, तिचे डोळे बघा ना." मग एकाने विचारले की ही नूह अलैहिस्सलाम यांची किश्ती आहे, तर नूह कुठे आहेत? त्यावर वीस मिनिटे वाद झाला, पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत. सगळा मराठीत. अधूनमधून दखनी घुसली, घुसू दिली.

चित्रकथेवाली मुलगी याच वर्गात आहे. ती हल्ली वहीत वेलबुट्टी काढते, फार सुबक काढते, आणि निबंध मार्गदर्शकातून उतरवते. त्या तासाला ती काहीच बोलली नाही. मधल्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "टीचर, त्या उंच पक्ष्याला बाकीच्यांनी का मारलं?" मी म्हटले, मांजरीची बाजू घेतली म्हणून. ती बराच वेळ उभी राहिली. मग डबा खायला गेली.

प्रदर्शन जानेवारीत आहे. ज्या पालकांना आक्षेप असेल त्यांच्या मुलांनी डोळ्यांविना चित्रे लावावीत किंवा लावू नयेत, तो त्यांचा हक्क आहे आणि त्यावर मी चकार शब्द काढणार नाही. बाकीच्यांच्या चित्रांना मी हात लावणार नाही, कुणाला लावू देणार नाही. व्यवस्थापनाला हे लेखी कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.