आवाज पोहोचला, नोंद राहिली

ब्राउझरमधून थेट फोन लावणे ही आता नवलाई राहिलेली नाही. ध्वनिप्रक्रियेत निष्णात असलेली ग्लोबल आयपी सोल्युशन्स ही कंपनी गूगलने २०१० मध्ये विकत घेतली, तिचे तंत्र पुढच्याच वर्षी वेबआरटीसी या नावाने खुले केले, जानेवारी २०२१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने त्याला मानकाचा दर्जा दिला, आणि वेगळे सॉफ्टवेअर न बसवता आवाजाची देवाणघेवाण करणे हे ब्राउझरचे अंगभूत काम होऊन बसले. ग्राहकसेवा, कर्जवसुली, रुग्णनोंदणी अशा कामांसाठी घडवलेल्या वेबप्रणालींत क्रमांकाशेजारी ‘कॉल’चे बटण दिसू लागले, हे त्यामुळे स्वाभाविकच होते, मात्र बटण बसले की जोडणी पूर्ण झाली, असा जो समज या क्षेत्रात रुजला आहे, तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

इंटरनेटवरील कॉलमध्ये दोन स्वतंत्र प्रवाह असतात. घंटी वाजवणे, उचलल्याचे कळवणे, कॉल तोडणे असे निरोप वाहून नेणाऱ्या प्रवाहाला संकेतवहन म्हणतात व त्यासाठी बहुधा सिप ही २००२ मध्ये सध्याच्या रूपात स्थिरावलेली नियमावली वापरली जाते, तर प्रत्यक्ष बोलणे साधारण वीस-वीस मिलिसेकंदांच्या पाकिटांत विभागून वेगळ्याच वाटेने जाते. या दुसऱ्या प्रवाहाचे प्रश्न बहुतांशी सुटलेले आहेत. ओपस हा ध्वनिसंकेतक, म्हणजे आवाज आक्रसून पाठवणारा घटक, काही पाकिटे हरवली तरी बोलणे सावरून घेतो. राउटरच्या आड असलेल्या दोन यंत्रांना परस्परांपर्यंतची वाट शोधून देण्यासाठी आइस ही पद्धत आहे. आणि तीतून थेट वाट न सापडल्यास टर्न नावाचा मध्यस्थ सर्व्हर पाकिटे पुढे पोहोचवतो. हा मध्यस्थ दूरच्या खंडात ठेवून, एकेरी विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आत राखण्याची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस धाब्यावर बसवणारे महाभाग अजूनही आढळतात, पण तो अज्ञानापेक्षा काटकसरीचा प्रश्न आहे.

खरी अडचण आहे ती आयुर्मानाची. वेबआरटीसीची जोडणी ज्या पानात उघडली त्या पानाच्या मालकीची असते, त्यामुळे बोलता बोलता कर्मचाऱ्याने पान ताजे केले किंवा जुन्या धाटणीच्या प्रणालीत एका अर्जावरून दुसऱ्यावर गेला, की कॉल तुटतो. पान झाकलेल्या टॅबमध्ये असले तर आणखी निराळा घोटाळा होतो. पाच मिनिटांहून अधिक काळ झाकलेल्या व निःशब्द पानातील घड्याळे मिनिटातून एकदाच चालू द्यायची, असे धोरण क्रोमने २०२१ मध्ये स्वीकारले. चालू कॉलला त्यातून सूट आहे, पण कॉलची वाट पाहत बसलेल्या पानाला नाही. सर्व्हरकडील आपली हजेरी ठरावीक सेकंदांनी नवी करण्याचे काम अशा पानाला वेळेवर जमत नाही, हजेरी बाद होते, आणि पडद्यावर ‘उपलब्ध’ असा हिरवा ठिपका दिसत असतानाही येणारा कॉल तेथपर्यंत पोहोचत नाही. शिवाय वापरणाऱ्याने पानाला एकदा तरी हात लावल्याखेरीज आवाज वाजू न देण्याच्या ब्राउझरांच्या नियमामुळे कॉल येऊनही घंटी मुकी राहू शकते. हजेरीचे घड्याळ पानातून काढून पार्श्वभूमीत चालणाऱ्या वर्करकडे देणे आणि कॉलची स्थिती पानात न ठेवता सर्व्हरवर ठेवणे, हे उपाय माहीत नसलेले विकासक थोडे असतील. अडते ते एवढ्यावरच की हे काम अंदाजपत्रकात कोणी धरलेले नसते.

नोंदीच्या बाबतीत चूक अधिक सूक्ष्म असते. भारतातील दूरसंचार कंपन्या ‘क्रमांक व्यस्त आहे’, ‘बंद आहे’ अशा उद्घोषणा कॉल उचलला जाण्यापूर्वीच ऐकवतात, म्हणजे संभाषण सुरू झालेले नसतानाही आवाजाची वाट उघडलेली असते. ब्राउझरमधील जोडणीची स्थिती पाहून बोलण्याचा कालावधी मोजणारी प्रणाली ही उद्घोषणासुद्धा ग्राहकाशी झालेले संभाषण म्हणून नोंदवते. आधी कर्मचाऱ्याला व मग ग्राहकाला फोन लावून दोघांना जोडणाऱ्या, आपल्याकडे फार चालणाऱ्या पद्धतीत कर्मचाऱ्याने फोन उचलल्याचा निरोप ग्राहकाच्या खाती जमा होतो. दूरसंचार सेवेकडून येणारे असे निरोप उलटसुलट क्रमाने येतात, उत्तर न मिळाल्यास पुन्हा पाठवले जातात, आणि प्रत्येक निरोपाला कॉलचा ओळखक्रमांक जोडून दुबार निरोप गाळण्याची व्यवस्था नसेल तर एका कॉलच्या तीन नोंदी होतात. त्यात शून्य लावलेला, ९१ लावलेला आणि दहा अंकी, असा एकच क्रमांक तीन रूपांत साठवलेला असल्यास येणाऱ्या कॉलबरोबर ग्राहकाची माहिती उघडण्याची सोय केवळ विक्रेत्याच्या सादरीकरणापुरती उरते. महिन्याअखेरीस कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन याच नोंदींवरून होते, ही बाब व्यवस्थापनाने तरी हलक्याने घेऊ नये.

भारतात कायद्याची चौकट समजून घेतल्याखेरीज रचना ठरवता येत नाही. २००२ मध्ये मर्यादित स्वरूपात परवानगी मिळालेल्या इंटरनेट दूरध्वनीला देशातील साध्या फोनशी जोडण्याची मुभा बराच काळ नव्हती. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने ती परवानाधारक सेवापुरवठादारांना दिली. त्यामुळे परदेशातील स्वस्त सेवा घेऊन तिचे कॉल देशातील मोबाइलवर परस्पर उतरवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे असले तरी ती परवानाधारकाला दिलेली बगल ठरते, आणि ते प्रकरण ग्राहकसंस्थेवरही शेकू शकते.

कॉल देशातील फोनपर्यंत नेण्याची जबाबदारी अशी परवानाधारक सेवापुरवठादारावर सोपवता येते, ध्वनिमुद्रणाबाबत मात्र त्याच्यावर विसंबून चालणार नाही. कार्डाच्या मागचा सुरक्षा अंक व्यवहार मंजूर झाल्यावर कोणत्याही रूपात साठवू नये, असा कार्ड उद्योगाचा दंडक आहे, आणि ग्राहक तो अंक उच्चारत असेल तेव्हा मुद्रण थांबले पाहिजे. ग्राहक नेमका केव्हा तो सांगणार आहे हे दूरसंचार सेवेला कळण्याचा मार्ग नाही. कर्मचाऱ्यासमोर त्या क्षणी अर्जातील कोणता रकाना उघडला आहे, हे केवळ वेबप्रणालीला ठाऊक असते, म्हणून मुद्रण थांबवण्याचा व पुन्हा सुरू करण्याचा आदेश तिच्याकडूनच गेला पाहिजे.