‘वैयक्तिक कारणास्तव’

गेल्या आठ मार्चला मंचरला आपल्या गटांचा मेळावा झाला. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतून बायका आल्या होत्या. ओतूर, नारायणगाव, घोडेगावच्या होत्या, तशा आहुप्याकडून पहाटेची एसटी धरून आलेल्याही होत्या. दरवर्षीप्रमाणे सत्कार झाले. या वेळी सत्कार होता ‘यशस्वी उद्योजिकां’चा. त्यांत जुन्नर तालुक्यातली एक तिशीच्या आतली मुलगी होती. एम.कॉम. झालेली, पुण्याजवळच्या एका मोठ्या कंपनीच्या हिशेब विभागात पाच वर्षं नोकरी केलेली. आता ती घरून मसाले, नाचणीचे पापड आणि कुरडया ऑनलाइन विकते. निवेदन माझ्याकडे होतं. “नोकरीची बेडी तोडून स्वतःच्या धंद्याची मालकीण झालेली आपली मैत्रीण,” असं मी माइकवरून म्हटलं. टाळ्या झाल्या. शाल, नारळ, फोटो.

संध्याकाळी स्टँडवर आम्ही दोघी जुन्नरच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो. शालीची घडी करून पिशवीत ठेवत ती म्हणाली, “ताई, तुम्ही बोललात ते छान होतं. पण मी नोकरी सोडली नव्हती. सुटली.”

गाडी येईपर्यंत तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा तिला मिळाली, कारण कायद्याने ती द्यावीच लागते. रजेवरून परतली तेव्हा तिचं काम दुसऱ्याकडे गेलं होतं आणि महत्त्वाच्या बैठका संध्याकाळी सहानंतर ठेवल्या जाऊ लागल्या होत्या. पाळणाघर कागदावर होतं. प्रत्यक्षात ते कंपनीपासून इतकं लांब, की सकाळी सातच्या बसने जाणाऱ्या बाईला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. सासूबाई गाव सोडून भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला तयार नव्हत्या, आणि त्यांनी तरी का यावं? नवऱ्याचा पगार हिच्यापेक्षा थोडा जास्त. त्यामुळे नोकरी कोणी सोडायची, याची घरात चर्चाच झाली नाही. साहेब म्हणाले, “आमची काही जबरदस्ती नाही.” राजीनाम्याचा मजकूर ऑफिसमध्ये तयारच असतो. ‘वैयक्तिक कारणास्तव’. तिने खाली सही केली.

हे दोन शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. जे वैयक्तिक तेच राजकीय, हे आपण सत्तरच्या दशकापासून कंठशोष करून सांगत आलो. शिबिरांत पोस्टरवर लिहिलं, गाण्यांत गुंफलं. आणि आपल्याच मैत्रिणीच्या राजीनाम्यावर ‘वैयक्तिक’ असा शिक्का बसला तेव्हा आपण काय केलं? त्याच्यावर शाल पांघरली. कंपनीने अर्धं खोटं लिहिलं, उरलेलं अर्धं आपण माइकवरून पूर्ण केलं. माझा या लेखातला आक्षेप आधी माझ्यावर आहे, मग आपणा सर्वांवर.

मालकीण झाली म्हणजे काय झालं, ते तिच्या वहीत आहे. हिशेब ठेवणं हेच तिचं शिक्षण, त्यामुळे वही चोख आहे. तिच्या परवानगीने एका चांगल्या महिन्याचे आकडे देते. विक्री ४०,००० रुपये. कच्चा माल, दळण, गॅस १९,०००. पाकिटं, खोकी, कुरिअर ८,५००. विक्रीच्या ॲपचं कमिशन आणि तिथे आपला माल वर दिसावा म्हणून द्यावे लागणारे जाहिरातीचे पैसे ५,५००. परत आलेल्या पार्सलांचं नुकसान १,५००. उरले ५,५००. रोज सहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे १५६ तास. तासाला पस्तीस रुपये पडले. कंपनीत तिला महिन्याला २४,००० मिळत होते, शिवाय भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा आणि रविवार. आता रविवारी ऑर्डरी जास्त येतात.

“पण ती घरी बसून करते, मूल डोळ्यांसमोर असतं,” असं लगेच म्हटलं जाईल. हो, असतं. म्हणूनच तिचे सहा तास सलग नसतात. ते पहाटे, दुपारी मूल झोपल्यावर आणि रात्री भांडी आवरल्यावर असे तुकड्यातुकड्यांनी येतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाप्रमाणे घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते, तर असं काम करणारा पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात असं काम करणारे पुरुष शंभरात २६ च. नोकरी होती तेव्हा निदान आठ-नऊ तास ती घराबाहेर होती. त्या वेळात घराला तिच्यावाचून चालवून घ्यावं लागत होतं. आता ती ‘घरीच असते’. पाहुणे आले, दळण आणायचं, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, ती आहेच. धंदा तिचा असला तरी वेळ सगळ्यांचा झाला.

आता ‘मालकी’ या शब्दाकडे बघू. आपल्या आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी बायका पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. त्यांना कोणी पगार देत नाही, त्यांच्यावर साहेब नाही. झाड पडलं तर नुकसान त्यांचं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हे इथल्या प्रत्येक घराला दाखवून दिलं. उद्योजिकेची सगळी लक्षणं त्यांच्यात आहेत, पण त्यांना उद्योजिका म्हणून शाल कोणी दिलेली नाही. मागे एका बैठकीत मी ‘स्वयंरोजगारा’वर बोलत असताना तळेघरकडच्या एक आजी हसून म्हणाल्या होत्या, “बाई, आमी तर जलमापासून मालकच हाय की. भाव तेवढा शेठ सांगतो.”

एम.कॉम. झालेल्या मुलीची वही आणि या आजीचं वाक्य शेजारी शेजारी ठेवा. भाव तेवढा शेठ सांगतो. फरक इतकाच की हा शेठ मोबाइलमध्ये राहतो, दिसत नाही, आणि त्याच्याशी भांडायला त्याच्या ओट्यावर जाता येत नाही. कमिशन किती, माल कोणाला दाखवायचा, कोणाच्या तक्रारीवरून कोणाचं दुकान बंद करायचं, हे तोच ठरवतो. नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडत असं सांगतात. शेजारच्याच लेण्यात नागणिका राणीचा शिलालेख आहे. राणीचं नाव दगडात कोरलेलं आहे, पण घाटातून डोक्यावर ओझी वाहून नेणाऱ्या बायकांची नावं कुठेही नाहीत. दोन हजार वर्षांनी जकातीचा रांजण तेवढा ॲपमध्ये गेला.

‘स्वयंरोजगार’ या शब्दाची सूज किती आहे ते सरकारी आकड्यांतच दिसतं. २०२२-२३ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात काम करणाऱ्या शंभर बायकांपैकी ६५ स्वयंरोजगारात होत्या. त्यांतल्या ३७ हून अधिक घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त ‘स्वयंरोजगारी’ बायकांच्या हातात रोजगारच नाही. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८८ च्या ‘श्रमशक्ती’ अहवालात अशा बायकांना आधी कामगार म्हणून ओळखा, त्यांच्या बिनपगारी कामासकट ओळखा, असं बजावलं होतं. आपण मात्र कामगार हा शब्द हळूच खाली ठेवला आणि उद्योजिका हा उचलला. कामगार म्हटलं की मागण्या येतात. उद्योजिका म्हटलं की फक्त प्रशिक्षण द्यावं लागतं.

आणि प्रशिक्षणाला निधी मिळतो, हेही मोकळेपणाने बोलूया. दोन दिवसांचं शिबिर, मालाचे फोटो कसे काढावेत, लेबल कसं लावावं. शेवटी एक तक्ता भरायचा, त्यात रकाना असतो: ‘किती महिला उद्योजिका झाल्या’. तो रकाना मी भरला आहे. ‘किती महिलांची नोकरी का सुटली’ असा रकाना मला अजून कुठल्या तक्त्यात दिसलेला नाही.

शिबिरात उदाहरण कोणाचं देतो आपण? फाल्गुनी नायर यांचं. २०१२ मध्ये त्यांनी कोटक महिंद्रामधली मोठ्या पदाची नोकरी सोडून ‘नायका’ काढली, २०२१ मध्ये ती शेअर बाजारात गेली. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही. पण जवळपास दोन दशकं त्या भांडवलाच्या बाजारात काम करत होत्या. भांडवल कुठून येतं, कोण देतं, हे त्यांना माहीत होतं. आपल्या ओतूरच्या मुलीकडे काय आहे? बचत गटाचं कर्ज, मंगळसूत्रावरचे पैसे आणि पावसाळ्यात वीज गेली की जाणारी रेंज. प्लॅटफॉर्मवरून परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सवलत मिळाली, ती राज्यातल्या राज्यात विकण्यापुरती. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, सगळं गाठीशी बांधून घेतलेली उडी आणि कडेवर मूल घेऊन मिळालेला धक्का, या दोन्हींना एकच नाव देणं ही फसवणूक आहे.

मी नोकरीची आरती करत नाही. कंपनीत साहेबाची नजर असते, बढती पुरुषांना असते, कंत्राटावर ठेवून केव्हाही काढता येतं. घरून धंदा करून ज्यांचं आयुष्य खरोखर सावरलं अशा बायकाही माझ्या माहितीत आहेत. नवरा गेल्यावर दिराच्या दारात उभं राहायची वेळ आली असती, ती एका बाईची या धंद्याने टाळली. तिला कोणी नाव ठेवलेलं मी ऐकून घेणार नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की दोन्ही दारं उघडी असतील तेव्हाच त्याला निवड म्हणायचं. एक दार बंद करून दुसऱ्याकडे ढकललं, तर त्या दाराला तोरण बांधायला आपण जायचं नाही.

मग करायचं काय? मला सुचतं ते मांडते.

एक. यापुढे कुठल्याही उद्योग-प्रशिक्षणाला येणाऱ्या बाईला पहिला प्रश्न हा विचारायचा: आधी नोकरी होती का, आणि ती कशी गेली? उत्तर तिच्या शब्दांत लिहून ठेवायचं. ‘वैयक्तिक’ हे उत्तर आपण मान्य करायचं नाही.

दोन. पाळणाघराचा प्रश्न पुन्हा रस्त्यावर आणायचा. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती आली, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. हीच तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. चाकण, रांजणगावच्या किती कंपन्यांत हे पाळणाघर खरोखर चालतं? माहितीच्या अधिकारात कामगार खात्याला विचारू. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येतं. मंचर आणि नारायणगावला ते मागू. आणि बाळंतपणाच्या रजेचा सगळा बोजा एकट्या मालकावर टाकल्यामुळे बाईला कामावर घ्यायलाच तो कचरतो, हेही मान्य करून हा खर्च सार्वजनिक विम्यातून करा अशी मागणी करू.

तीन. धंदा करायचाच असेल तर एकटीने नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभं राहिलं. पापड घरीच लाटले जातात, त्यामुळे घरकामाचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. पण लाटणारी प्रत्येक जण सभासद आहे आणि भाव सांगणारा शेठ नाही. आपल्या गटांचा मसाला, हिरडा, नाचणी एका नावाखाली का जाऊ नये? नफा मोजण्याआधी प्रत्येकीच्या तासांची मजुरी धरायची, खातं तिच्या नावावर, आणि त्या तासांत घरचं काम कोणी करायचं ते घरच्यांच्या देखत ठरवायचं.

या मजकुराचा कच्चा खर्डा मी त्या मुलीला वाचून दाखवला. पुढच्या आठ मार्चला हे सगळं तिनेच माइकवरून सांगावं, अशी माझी इच्छा होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लिहा ताई, पण माझं नाव नको. चाकणला एका ठिकाणी परत अर्ज केलाय. मधली दोन वर्षं का रिकामी, असं विचारलंय त्यांनी.”

“मग काय लिहिलंस?” मी विचारलं.

“तेच,” ती म्हणाली. “वैयक्तिक कारणास्तव.”